कोल्ड अपसेटिंगमध्ये गोळीच्या पोटाला पुन्हा पुन्हा तडे: प्रेसला हात लावण्याआधी हे बघा

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइडच्या गोळ्या थंड दाबल्या जातात. गोळी म्हणजे पावडर डायमध्ये, म्हणजे साच्यात, पंचाने दाबून (हे कॉम्पॅक्शन) आणि मग भट्टीत कण एकमेकांना चिकटेपर्यंत भाजून (हे सिंटरिंग) आलेला छोटा दंडगोल. ड्रॉइंगवर त्याला प्रीफॉर्म म्हणतात, शेडमध्ये कुणी म्हणत नाही. २५ मिमी व्यास, २० मिमी उंची, वजनाने १० टक्के कार्बाइड. सपाट प्लेटांमध्ये ती निम्म्या उंचीपर्यंत थंड दाबायची, हेच कोल्ड अपसेटिंग, आणि मग डायमध्ये टाकून आकार द्यायचा. काम एवढंच, पण दोन वर्षं एकच दुखणं मागे लागलं होतं. पंधरा-वीस दिवस माल छान निघायचा, मग अचानक एक-दोन ट्रे पोटाला फुटायचे, आणि दोन दिवसांनी सगळं पुन्हा सुरळीत.

दरवेळी काहीतरी केलं. टनेज, म्हणजे प्रेसचा जोर, कमी केलं, पंच पॉलिश केला, एकदा पावडरवाल्याशी फोनवर कडाक्याचं भांडलोसुद्धा. ताप उतरायच्या दिवशी जो अंगारा लावला असेल तोच देव पावला म्हणतात, तसं आमचं चाललं होतं. तडे थांबले की शेवटी जे केलं त्यालाच हार. पुढच्या खेपेला तोच उपाय केला की तडे जसेच्या तसे.

ज्यांच्याकडे सिंटर केलेला माल थंड दाबताना असा अधूनमधून फुटतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लोखंड-ग्रॅफाइट, लोखंड-तांबं करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, आकडे तेवढे त्यांचे त्यांनी घालावेत.

तडा वाचायला शिका

फुटलेली गोळी भंगारात टाकण्याआधी ती हातात घ्या. दहापट भिंग असलं तर उत्तम.

पोटाच्या बरोबर मध्यावर उभा तडा असेल तर तिथली कातडी घेराच्या दिशेने ताणली जाऊन फाटली आहे. प्लेटा दाबतात तेव्हा वरचं आणि खालचं तोंड घर्षणामुळे जागेवर धरलं जातं, मधला भाग मोकळा असतो, तो पोट काढतो. दाब वरून असला तरी पोटाच्या कातडीवर ताण असतो, हे नव्या पोरांना पटायला वेळ लागतो.

तडा तिरका, साधारण ४५ अंशांत असेल तर तो घसरून झालेला आहे. अशा वेळी पोट फारसं सुटलेलं नसतं, म्हणजे वंगण बऱ्यापैकी काम करत असतं. मग बोट मालाकडे वळवायचं.

तडा उभाच आहे, पण मध्यावर न पडता एका तोंडाकडे सरकलेला आहे, असं असेल तर तो कॉम्पॅक्शनच्या प्रेसवर जन्मला आहे. फक्त वरचा पंच हलत असेल तर पावडर वरच्या बाजूला घट्ट बसते आणि डायच्या भिंतीशी घासत घासत दाब खाली पोचेपर्यंत कमी होतो. खालचं टोक भुसभुशीत राहतं. उंची व्यासाच्या जवळ आली की हा फरक फार जाणवतो. फ्लोटिंग, म्हणजे दाबासोबत खाली सरकणारी, डाय किंवा दोन्ही पंच हलणारी प्रेस हाच त्यावरचा इलाज. वरच्या पंचावर बारीक टिंब कोरून घ्या, म्हणजे गोळीचं डोकं कुठलं आणि बूड कुठलं ते पुढे कधीही कळतं.

आडवा, अंगठीसारखा तडा दिसला तर अपसेटिंगला दोष देऊच नका. गोळी डायमधून बाहेर येताना किंचित फुगते. अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशा अवस्थेत थर सुटतो. डायच्या तोंडाला हलका उतार द्या आणि बाहेर काढताना वरचा पंच थोडा टेकवून ठेवा. हा तडा कच्च्या, न भाजलेल्या गोळीतच पकडता येतो. गोळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि सुकताना बघत राहायचं. सगळं अंग कोरडं झालं तरी तड्याची रेघ काही क्षण काळपट ओली राहते. पाच सेकंदांचं काम आहे.

एक चेतावणी. लाल रंगाच्या पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात शिरून तडा दाखवणाऱ्या द्रवाने, सच्छिद्र माल तपासू नका. रंग छिद्रांमध्ये शिरतो आणि अख्खी गोळी लालभडक दिसते. आमच्या एका ग्राहकाच्या क्यूसीने, म्हणजे तपासणी विभागाने, असाच एक चांगला लॉट परत पाठवला होता. समजावून सांगता सांगता दोन महिने गेले.

पायवाट आणि बांध

आता मुद्द्याचं. तडा कधी जाणार याचा एक नकाशा काढता येतो. सत्तरच्या दशकात संशोधक कुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कामाची पद्धत घालून दिली. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत पावडरच्या कॉम्पोझिटवर, म्हणजे आमच्यासारख्या मिश्र मालावर, याच धर्तीचं पुष्कळ काम झालं आहे. शेडमध्ये ते करायला व्हर्नियर, सुई आणि आलेखाचा कागद पुरतो.

गोळीच्या पोटाच्या मध्यावर सुईने एकमेकींपासून ४ मिमी अंतरावर दोन बारीक आडव्या रेघा ओढा. थोडं दाबा, काढा, रेघांमधलं अंतर आणि पोटाचा व्यास मोजा. पुन्हा थोडं दाबा. पहिला तडा भिंगात दिसेपर्यंत असं करत जा. रेघांमधलं अंतर घटलं त्यावरून उभी विकृती (स्ट्रेन, म्हणजे माप किती बदललं त्याचा आकडा), पोट वाढलं त्यावरून घेराची विकृती. दोन्ही आधीच्या आणि नंतरच्या मापाच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगने काढायच्या. भरीव धातू पोट न काढता दबला तर घेराची विकृती उभीच्या निम्मी येते, म्हणून तुलना निम्म्याशी.

रेघा कशाला, सरळ गोळीची उंची मोजू की, असं सगळे म्हणतात. मीही तेच केलं होतं. एक उदाहरण घ्या. गोळी २० वरून १० मिमी झाली, पोट २५ वरून ३४.३ मिमी. घेराची विकृती ०.३१६. उंचीवरून उभी विकृती काढली तर ०.६९३, तिची निम्मी ०.३४७. म्हणजे घेराचा आकडा निम्म्याच्या आत, सगळं आलबेल. पण पोटावरच्या रेघा ४ वरून २.६ मिमीवर आल्या असतील तर कातडीची खरी उभी विकृती ०.४३१ आणि तिची निम्मी फक्त ०.२१५. घेराचा आकडा या निम्म्यापेक्षा ०.१ ने वर आहे. फाटायची ती कातडी, म्हणून मोजायचीही तीच.

तडा गेला ते टिंब कागदावर मांडा, आडव्या अक्षावर उभी विकृती आणि उभ्या अक्षावर घेराची. मग वंगण बदलून, गोळीची उंची बदलून पुन्हा करा. टिंबं साधारण एका सरळ रेषेवर बसतात आणि त्या रेषेचा चढ निम्मा असतो, उभी विकृती २ वाढली तर घेराची १. ही रेषा म्हणजे बांध. शून्यापासून बांधापर्यंत गोळी ज्या वाटेने जाते ती पायवाट.

इथे सगळी गोम आहे. वंगण, प्लेटांचा खडबडीतपणा, गोळीची उंची आणि व्यास यांचं गुणोत्तर यांनी पायवाट बदलते, बांध जागचा हलत नाही. पावडर, घनता, सिंटरिंग, कार्बाइड कसं पसरलं आहे यांनी बांध सरकतो. मराठवाड्यात शेजाऱ्याने बांध कोरला की तालुक्यापर्यंत भांडण जातं. आमच्या शेडमध्ये प्रेसच्या मागे कुणीतरी बांध कोरत होतं आणि आम्ही पायवाटेवर ग्रीस ओतत बसलो होतो.

म्हणून तडे सुरू झाल्या दिवशी पहिलं काम हे करायचं. त्या लॉटच्या चार गोळ्या आणि कधीतरी राखून ठेवलेल्या चांगल्या लॉटच्या चार गोळ्या, एकाच वंगणावर, एकाच माणसाच्या हातून दाबायच्या. दोन्ही फुटल्या तर पायवाट बिघडली आहे, वंगण आणि प्लेटा बघा. फक्त नव्या फुटल्या तर प्रेस सोडा आणि मागे जा. राखीव गोळ्या आम्ही तेलाच्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवतो. एवढ्याशा डब्याने जितकी भांडणं मिटवली तितकी आमच्या मीटिंगांनी मिटवली नाहीत.

आमचा चोर कुठे सापडला

राखीव गोळ्या सुरेख पोट काढून बसल्या, नव्या फुटल्या. म्हणजे बांध सरकला होता. कुठे सरकला ते मात्र कळेना. भट्टीचा चार्ट ठीक होता. घनताही ठीक. ती मोजायची तर आधी गोळीची छिद्रं तेलाने भरून घ्यावी लागतात, नाहीतर पाणी आत शिरतं आणि आकडा खोटा मोठा येतो. १० टक्के कार्बाइडच्या मिश्रणाची पूर्ण भरीव घनता २.७४ येते, आमच्या गोळ्या २.३३ च्या आसपास, म्हणजे ८५ टक्के. फुटणाऱ्या गोळ्यांत किंचित कमी, पण त्यावरून कुणाला पकडावं इतकी नाही.

कॉम्पॅक्शनच्या प्रेसवर गंगापूरकडचे एक मामा आहेत. सेवानिवृत्ती जवळ आलेली, बोलणं मोजकं. ते एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "सायेब, ड्रमाच्या बुडाचा माल फुटायलाय. वरचा कधी फुटत न्हाई."

मी म्हटलं, मामा, हे दोन वर्षांत का नाही सांगितलं? "तुमी विचारलं कधी? तुमी तर प्रेसच्या मागं लागलेले."

पावडर ड्रममध्ये येते, आणि एक ड्रम आम्हाला पंधरा-वीस दिवस पुरायचा. तडेही पंधरा-वीस दिवसांनी यायचे. कॅलेंडर भिंतीवरच होतं.

पुढच्या ड्रमला प्रत्येक घमेल्याचा नंबर टाकला आणि कच्च्या गोळीच्या वरच्या तोंडावर तोच आकडा सुईने ओढला, म्हणजे भट्टीत ट्रे उलटसुलट झाले तरी ओळख राहील. वरच्या आणि बुडाच्या पावडरीचे नमुने काढले. थोडी पावडर तोलून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात घातली की ॲल्युमिनियम विरघळतं, कार्बाइड तसंच खाली बसतं. गाळायचं, वाळवायचं, तोलायचं. हे करताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा उघड्यावर, थोडी थोडी पावडर घालत आणि आसपास बिडी-काडी न ठेवता करा. वरच्या नमुन्यात कार्बाइड दहाच्या आसपास निघालं, बुडाच्या नमुन्यात तेराच्या वर.

कारण ऐकून हसू येईल. मिश्रण दुसरीकडे होतं, तिथून ड्रम टेम्पोत येतो. आमच्या कार्बाइडचा कण ॲल्युमिनियमच्या कणापेक्षा बराच बारीक. टेम्पो खड्ड्यांतून हादरत आला की बारीक कण जाड कणांच्या फटींतून खाली उतरतात. चाळणीत पीठ खाली आणि कोंडा वर राहतो तसंच. पावडर निघाली तेव्हा चांगली होती, रस्त्याने ती वेगळी केली. पावडरवाल्याला मी फोन करून चूक कबूल केली. तो दिलदार निघाला.

कार्बाइड तीन टक्के वाढल्याने एवढं का बिघडावं? टक्क्यांपेक्षा ते कुठे बसतं ते महत्त्वाचं. बारीक कार्बाइड ॲल्युमिनियमच्या जाड कणांमधल्या फटींत घोळक्याने बसतं. कॉम्पॅक्शनमध्ये ॲल्युमिनियम चपटं होऊन फटी भरतं, पण घोळक्याच्या आत त्याला शिरता येत नाही. आत कार्बाइडला कार्बाइड टेकलेलं, मध्ये नुसती हवा. सिंटरिंगच्या तापमानाला कार्बाइडचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. गोळी दाबताना इतर छिद्रं मिटत जातात, घनता वाढते, माल कडक होतो. घोळका मात्र त्याच्या कडेला धातूपासून सुटतो आणि पोटावर ताण आला की तिथूनच तडा निघतो. जाड कार्बाइड वापरलं तर घोळके कमी होतात, पण मोठा कण दाबाखाली स्वतःच चिरतो. दोन्ही पावडरींचे कण आकाराने फार लांबचे नसावेत, हे आम्ही ठेच लागून शिकलो.

इलाज साधा केला. ड्रम आल्यावर लगेच वापरायचा नाही. शेडमधल्या छोट्या डबल-कोन (दोन शंकू जोडलेल्या) मिक्सरमध्ये पुन्हा फिरवायचा आणि लहान डब्यांत भरायचा. मिक्सरला अर्थिंग हवंच, ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. सांडलेली पावडर पाण्याने धुवायची नाही, हेही भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

बाकीचे संशयित, थोडक्यात

वंगण आधी. मे महिन्यात शेड तापलेली असते, ग्रॅफाइटचा लेप प्लेटांवर सुकून पापुद्रे धरतो आणि ऑपरेटर समजतो की वंगण आहे. पापुद्रे खरवडून नवा पातळ थर द्या. जाड थर दिला तर उलट वंगण गोळीच्या तोंडात दबून खळगे पाडतं.

कॉम्पॅक्शनसाठी घातलेला झिंक स्टिअरेट किंवा मेण भट्टीच्या पहिल्या टप्प्यात, ४०० अंशांच्या आसपास, पूर्ण उडायला हवं. राहिलं तर गोळीवर काजळी आणि फोड दिसतात. नायट्रोजन ओलसर असेल तर ॲल्युमिनियमच्या कणांवरचं ऑक्साइडचं कवच फुटत नाही आणि कण एकमेकांना धरत नाहीत. ड्यू पॉइंट, म्हणजे वायूतली वाफ ज्या तापमानाला जमू लागते ते, उणे ४० अंशांच्या खाली ठेवा. पावसाळ्यात भट्टीच्या तोंडाची पडदी तपासा. वीज गेली तेव्हा भट्टीत अर्ध्या वाटेवर असलेले ट्रे वेगळे काढा, बेल्ट पुन्हा सुरू झाला म्हणून ते चांगल्या मालात मिसळू नका. आमच्याकडे वीज जाते तेव्हा कुणीतरी खडूने ट्रेवर फुली मारतो.

टनेज वाढवून कॉम्पॅक्शनची घनता वाढवता येते आणि बांध थोडा लांब जातो, हे खरं. पण फार वाढवलं की बाहेर काढताना आडवे तडे सुरू होतात. एका झटक्यात निम्मी उंची गाठायची नसेल तर दोन टप्प्यांत दाबा आणि मध्ये साडेतीनशे ते चारशे अंशांना नायट्रोजनमध्ये भाजा. कडक झालेला धातू पुन्हा मऊ होतो. खर्च वाढतो, म्हणून आम्ही हे फक्त अवघड ऑर्डरला करतो.

भाकरी आणि डायची भिंत

शेवटचा बदल आईला ज्वारीची भाकरी थापताना बघून सुचला. पीठ जुनं झालं, विरी गेली की भाकरीच्या कडेला तडे जातात, तेही उभेच, बाहेरून आत. तरीही आई भाकरी करते. उजव्या हाताने थापताना डावा हात कडेला असतो, कड सुटायला लागली की बोटं तिला आत दाबतात. कड मोकळी राहिली की फाटते, आधार मिळाला की टिकते.

आमच्या गोळीला प्लेटांमध्ये कुठलाच डावा हात नव्हता. पोट ३४ मिमीपर्यंत मोकळंच सुटायचं आणि त्यानंतर आम्ही तिला डायमध्ये नेत होतो. आता पहिल्या दाबालाच बाहेरून रिंग लावतो. बांधाच्या आलेखावरून कळतं की पोट किती व्यासाला तड्याजवळ पोचतं, त्याआधी ते रिंगला टेकलं पाहिजे. टेकलं की घेराचा ताण थांबतो, चहूबाजूंनी दाब येतो आणि उरलेली छिद्रं मिटतात. तीच पावडर, तीच प्रेस, पण पायवाट बांधाकडे न जाता वळते.

एका ठिकाणी भाकरीची उपमा धोका देते. भाकरीचा तडा ओल्या बोटाने मिटतो, धातूचा थंड दाबून मिटत नाही. तडा गेलेली गोळी डायमध्ये घालून दाबली तर दोन्ही काठ एकमेकांना टेकतात, वरून रेघही दिसत नाही, क्यूसी पास. आत जोड नसतो. आम्ही अशा दोन गोळ्या मुद्दाम करून व्हाइसमध्ये धरून तोडल्या. तड्याच्या जागी काठ काळसर, ग्रॅफाइट माखलेले, बाकी सगळीकडे ताजा करडा दाणेदार भाग. ग्रॅफाइट तिथे शिरलं म्हणजे तडा अपसेटिंगच्या वेळीच उघडा होता. त्या दोन तुकड्यांना आता क्यूसीच्या टेबलावर मुक्काम आहे, आणि अपसेटिंगनंतर गोळी भिंगाखाली न जाता डायकडे निघाली तर मामा स्वतः ट्रे अडवतात.